सहल, भाकर आणि लपलेला गहू

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीच्या चिठ्ठ्या निघतात. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्याचे गाव घ्या, मुलांच्या तोंडी नावे तीच असतात. हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी, खोपोलीजवळचे इमॅजिका, मुंबईत गोराईचे वॉटर किंग्डम. बहुतेक घरांत प्रश्न पडतो तो पैशांचा. काही घरांत मात्र वेगळाच प्रश्न असतो. आई विचारते, "सहलीला जाईल हो, पण तिथं ही खाईल काय?"

ज्या घरात कुणाला गहू चालत नाही, त्या घरातला हा प्रश्न आहे. आणि पुष्कळदा त्याचे उत्तर "मग राहू दे, पुढच्या वर्षी बघू" असे निघते. पुढच्या वर्षीही तेच होते. हा आजार जन्माचा सोबती असल्याने 'पुढचे वर्ष' कधी येतच नाही. म्हणून आज बोलायचे आहे ते या मुलांनी सहलीला कसे जावे याबद्दल.

गहू बाधतो म्हणजे काय होते?

कणीक मळली की ती चिवट होते, ताणली तर ताणली जाते. ज्वारीच्या पिठाचे तसे होत नाही. म्हणून पोळी लाटता येते आणि भाकर थापावी लागते. कणकेला हा चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाला ग्लुटेन म्हणतात. ते गव्हात असते आणि त्याच जातीची प्रथिने जवात व राय या विदेशी धान्यात असतात.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातले सत्त्व शोषून घेण्याचे काम ती करते. सिलिअक नावाच्या आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून याच लवेवर हल्ला करते. लव झडते, आतडे सपाट होते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. मुलाला वारंवार जुलाब होतात, पोट फुगते, उंची वाढत नाही. मोठ्या माणसांत कधी कधी जुलाब मुळीच नसतात. वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, एवढीच काय ती खूण असते.

याचा गव्हाशी असलेला संबंध कळायला फार वेळ लागला. इंग्लंडचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले आणि तो बरा व्हायचाच असेल तर आहारानेच होईल असे म्हटले. पण कोणत्या आहाराने, हे त्यांना सापडले नाही. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले. मुले सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळाले. खरे श्रेय होते ते ताटातून निघून गेलेल्या पावाचे. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांची खात्री वाढली. १९५० मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात हे मांडले. औषध तेव्हा जे सापडले तेच आजही आहे. गहू, जव आणि राय आयुष्यभर वर्ज्य.

हा गोऱ्यांचा आजार आहे, आपल्याकडे नाही, असे अजूनही काहींना वाटते. तसे नाही. देशाच्या तीन भागांत प्रौढांची तपासणी करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के लोकांना हा आजार आढळला. उत्तरेत म्हणजे साधारण ऐंशी माणसांत एकाला.

इथे एक सूचना महत्त्वाची आहे. संशय आला म्हणून आपल्या मनाने गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी आणि त्यांना गरज वाटली तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. गहू आधीच बंद केला तर तपासणीत आजार लपतो आणि निदान लांबते. आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांनी कुणाचे पाहून गहू सोडण्याचे काही कारण नाही. गव्हाची अॅलर्जी हा आणखी वेगळा आजार आहे. त्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर पित्त उठते, कधी श्वासही कोंडतो. त्याची तयारी डॉक्टरांना विचारून वेगळी करावी लागते.

थोडासा खाल्ला तर?

सहलीत सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य हेच असते. "एक दिवस खाल्लं तर काय होते?" म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. पण हिशेब काय सांगतो ते पाहू.

सिलिअकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याला पुन्हा इजा होऊ लागते, असे प्रयोगात दिसले आहे. आपल्या एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा त्या पोळीचा पन्नासावा-साठावा भाग झाला. बोटाच्या चिमटीत मावेल एवढा तुकडा. 'ग्लुटेनमुक्त' असे छापायचे असेल तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे, असा नियम आपल्याकडे आणि जगात बहुतेक ठिकाणी आहे, तो यामुळेच.

मात्र याचा अर्थ चुकून तुकडा पोटात गेला तर जीवावर बेतते असा नाही. काही मुलांना उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात, तर काहींना त्या दिवशी काहीच जाणवत नाही. चूक झाली तर पाणी, विश्रांती आणि पुढच्या जेवणापासून पुन्हा पथ्य. उलट्या थांबत नसतील तर डॉक्टर गाठावा. घाबरून सहल सोडण्यासारखे त्यात काही नाही. पण जाणूनबुजून "एक दिवस" म्हणायचे नाही. कारण लग्न, वाढदिवस, जत्रा धरली तर असे 'एक दिवस' वर्षात पन्नास निघतात.

भांडार आपल्याच घरात

परदेशात अशा माणसांसाठी खास पाव, खास बिस्किटे महाग दराने विकली जातात. आपल्याकडे मात्र ज्वारीची भाकर हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. पाहुण्याला पोळी वाढणे प्रतिष्ठेचे झाले आणि भाकर मागे पडली. आपल्या जिल्ह्याच्या शेतांतही ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. तरी भाकर करण्याचे कसब घराघरांत शिल्लक आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सगळ्या डाळी, शेंगदाणा, दूध, अंडी, मांस, भाज्या, फळे यांत मुळात ग्लुटेन नसते.

सहलीसाठी त्याहून सोयीचे म्हणजे आपले उपवासाचे पदार्थ. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळे, बटाटा यांतले एकही गव्हाच्या जातीचे नाही. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, बटाट्याचा घरचा चिवडा, खारे दाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या हे चार दिवस टिकते आणि पिशवीत राहते. सोलापूरकडची कडक भाकरी तर कित्येक दिवस टिकते. ती पाकिटात विकतही मिळते. सोबत शेंगदाण्याची चटणी असली की एका वेळेचे जेवण झाले.

यात एक अडचण आहे, गिरणीची. गावातल्या गिरणीत आधीचे दळण गव्हाचे असते आणि त्याचे पीठ जात्याच्या पाळ्यांत राहते. तुमच्या ज्वारीत ते उतरते. ज्या घरात हा रुग्ण आहे, त्या घराने जमल्यास घरगुती चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच दळू नये. घरात तवा, पोळपाट आणि चाळणीही वेगळी असावी. सहलीची तयारी खरे म्हणजे इथून सुरू होते.

लपलेला गहू

पोळी, पाव, बिस्किट, शेगावची कचोरी, समोसा यांत गहू आहे हे लहान मूलही सांगेल. वरण-बट्टीतली बट्टी आणि शेतातल्या पंगतीतले रोडगे गव्हाचेच. फसवतो तो न दिसणारा गहू.

पहिला हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पीठ आणि डिंक मिसळून विकला जातो. ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. म्हणजे ज्या वरणाला आपण निर्धास्त समजतो, त्याच्या फोडणीत गहू असू शकतो. तांदळाच्या पिठातला हिंगही बाजारात मिळतो. डबीवरचा मजकूर वाचून तो घ्यावा.

दुसरे कढईतले तेल. आलूबोंड्याचे आवरण बेसनाचे, साबुदाणा वड्यात गहू नाही. पण हॉटेलात त्याच तेलात आधी समोसे तळलेले असतात. तिसरा तवा. डोसा तांदूळ-उडदाचा, पण त्याच तव्यावर रवा डोसा आणि पराठा झालेला असतो. चौथी भेसळ सोयीसाठी केलेली. हॉटेलात 'ज्वारी रोटी' लाटता यावी म्हणून तिच्यात कणीक मिसळतात. थालीपिठाच्या भाजणीत, धपाट्यात आणि सातूच्या पिठातही गहू असतो. कुरडई गव्हाच्या चिकाची असते.

पाचवे म्हणजे मुलांच्या आवडीचे. आईस्क्रीमचा कोन मैद्याचा, म्हणून कपातले मागावे. चायनीज पदार्थांतल्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. पाणीपुरीची पुरी रव्याची. मकाच्या पोह्यांत आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत जवाचा माल्ट असू शकतो. पाकिटबंद मालावर ग्लुटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख करणे २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यामुळे पाकीट उलटे करून वाचण्याची सवय मुलालाच लावावी. मात्र हिरवा ठिपका, 'जैन', 'शुद्ध शाकाहारी' या खुणा गव्हाबद्दल काहीच सांगत नाहीत.

उद्यानाच्या दारात

मनोरंजन उद्यानाची अडचण अशी की सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी बाहेर येतो आणि बहुतेक उद्याने बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो आणि बदलतो. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करावा. "आमच्या मुलाला वैद्यकीय पथ्य आहे, त्याच्यापुरता डबा आत नेता येईल का?" असे सरळ विचारावे. डॉक्टरांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्याव्यात. परवानगी कुणी दिली त्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवावी. दारावरचा सुरक्षारक्षक आपले काम करत असतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा चिठ्ठी दाखवलेली बरी.

परदेशात या बाबतीत व्यवस्था पुढे गेली आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९७१ पासून सुरू असलेल्या डिस्ने वर्ल्डमध्ये अनेक उपाहारगृहांत अशा पाहुण्यांसाठी वेगळे मेनूकार्ड असते आणि टेबल राखून ठेवतानाच पथ्य सांगता येते. पण स्वयंपाकघर सामाईक असल्याने शंभर टक्के हमी तेही देत नाहीत. पुण्या-मुंबईचे, विदर्भाचे कितीतरी लोक मुलांकडे अमेरिकेला जातात, त्यांना हे उपयोगी पडेल.

आपल्याकडे विचारण्याची पद्धत बदलावी लागते. "यात ग्लुटेन आहे का?" असे विचारले तर वाढपी हमखास "नाही" म्हणतो, कारण शब्दच त्याच्या ओळखीचा नसतो. त्यापेक्षा असे विचारावे : "दादा, यात कणीक, मैदा, रवा, दलिया किंवा हिंग घातला आहे का? कोणत्या तेलात तळले?" उत्तर खात्रीचे नसेल तर ते 'नाही' धरावे आणि साधा भात, दही, उकडलेला बटाटा, अंडी, फळे यांवर भागवावे. गर्दी होण्याआधी, साडेअकराच्या सुमारास जेवायला गेले तर स्वयंपाक्याला ऐकून घ्यायला सवड असते आणि कढईही ताजी असते.

एक चिठ्ठी मुलाच्या खिशात कायम असावी. तिच्यावर मराठी आणि हिंदीत एवढेच लिहावे : "मला सिलिअक आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, जव यांचा कणही चालत नाही. कृपया स्वच्छ भांड्यात, वेगळ्या चमच्याने वाढा. भात, साधी डाळ, दही, फळे चालतात." तोंडाने सांगताना लाजणारे मूल चिठ्ठी सहज पुढे करते.

हैदराबादची वाट, मुंबईची वाट

रामोजी फिल्म सिटी १९९६ मध्ये सुरू झाली. राहण्याची सोय असलेले ते मोठे मनोरंजन केंद्र आहे. वाशिमहून पूर्णा-नांदेडमार्गे हैदराबादकडे रेल्वेने जाता येते. गव्हाचे पथ्य असलेल्यांना ही दिशा सोयीची, कारण तिकडचे मुख्य अन्न भात आहे. इडली, साधा डोसा, दहीभात सगळीकडे मिळतो. हैदराबादच्या रस्त्यांवर संध्याकाळी ज्वारीच्या भाकरीही मिळतात. तेलुगूत त्यांना 'जोन्ना रोट्टे' म्हणतात. त्यात गहू मिसळला नाही ना, एवढे विचारायचे.

इथे एका शब्दाने घोटाळा होतो, तो म्हणजे 'रवा'. तिकडचा 'इडली रवा' तांदळाचा असतो आणि 'बाँबे रवा' म्हणजे गव्हाचा, आपल्या शिऱ्या-उपम्याचा. म्हणून इडली चालते, पण 'रवा इडली' चालत नाही. मुगाचे पेसरट्टू चालते, पण त्यात उपमा भरलेला नको. गव्हाला तेलुगूत 'गोधुमलु' म्हणतात. आपला गहू आणि त्यांचे गोधुमलु, दोन्ही संस्कृत 'गोधूम'वरूनच आले, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे. मांसाहारी मंडळींनी हलीम टाळावे, कारण ते गहू घालूनच शिजते. बिर्याणीत सहसा गहू नसतो, पण वर घातलेला तळलेला कांदा मैदा लावून तळला का, ते विचारून घ्यावे.

मुंबईकडे जायचे तर २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून पुष्कळ कुटुंबे घरच्या गाडीने निघतात. लांबचा पल्ला असतो, वाटेत थांबे मोजके. तेव्हा जाताना आणि येताना अशा दोन्ही वेळचा डबा घरूनच न्यावा. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. तिथे मुक्काम करायचा असेल तर हॉटेलची खोली ठरवतानाच पथ्य सांगावे. चहापुरती विजेची किटली खोलीत असतेच. घरून भाजलेल्या तांदळाची किंवा नाचणीची पेज करण्याचे पीठ नेले तर उकळते पाणी आणि पाच मिनिटे पुरतात.

शिक्षकांना आणि सोबत्यांना

शाळेच्या सहलीत आई-वडील सोबत नसतात. तेव्हा वर्गशिक्षकांना आधी भेटावे. सोबत स्वयंपाकी जाणार असेल तर त्याला एकच गोष्ट समजावून सांगावी. या मुलाचा भात आणि वरण हिंगाची फोडणी घालण्यापूर्वी, पोळीचा हात लागण्यापूर्वी वेगळ्या डब्यात काढून ठेवायचे. एवढ्याने निम्मे काम होते आणि त्याला खर्च शून्य.

दुसरी गोष्ट मनाची. खाण्याचे हाल एक वेळ मूल सोसते, पण वेगळे पडणे सोसत नाही. सगळे वडापाव खात असताना बाजूला बसून डबा उघडणारे मूल घरी येऊन काही बोलत नाही, पुढच्या वेळी मात्र स्वतःच सहलीला नको म्हणते. किंवा चारचौघांसारखे दिसावे म्हणून गुपचूप वडापाव खाते. त्यावर उपाय एकच. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, चिवडा त्याच्यासोबत सगळ्यांपुरता द्यावा, म्हणजे मागणारे ते नसेल, वाटणारे असेल. गुरुजींनी एखाद्या मुक्कामी सगळ्यांनाच पोहे किंवा भगर ठेवली तर पंगत एकच होते. तर्री-पोह्यांना नको म्हणणारे वऱ्हाडी पोर अजून जन्मायचे आहे. फक्त वर शेव टाकण्याआधी त्याची प्लेट काढावी.

देवळातल्या प्रसादाचेही असेच. शिऱ्याचा प्रसाद हातावर आला तर तो नमस्कार करून सोबतच्याला द्यावा आणि आपण खोबरे, केळे, साखर घ्यावी. देव पथ्य करणाऱ्यावर रागावत नाही, हे मुलाला मोठ्यांनीच सांगायचे असते.

निघण्याआधी एवढ्या गोष्टी हाताशी आहेत ना ते पाहावे : डॉक्टरांच्या दोन ओळी, खिशातली चिठ्ठी, दोन वेळचा डबा, चार दिवसांचा खाऊ, स्वतःचे ताट-चमचा आणि उद्यानात केलेल्या फोनची नोंद. ही तयारी पहिल्या वेळी एक दिवस खाते, दुसऱ्या वेळी एक तास. तिसऱ्या वेळी मूल ती स्वतः करते. या आजारावर गोळी नाही, त्यामुळे आयुष्यभर आपले आपण सांभाळता येणे हेच त्याचे औषध आहे. ते शिकायला सहलीसारखी दुसरी शाळा नाही. तेव्हा या वर्षी चिठ्ठी आली की "राहू दे" म्हणू नका. होकार भरून पाठवा आणि ज्वारी दळायला घ्या.